काचेआड बसलेला माणूस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या सरांच्या हाताखाली उमेदीची वर्षं घालवली त्यांना तर नाहीच. सांगायची वेळ आली नाही असं म्हणता आलं असतं, पण ते खोटं होईल — वेळ पुष्कळदा आली, आणि दरवेळी मी दुसराच काही विषय काढला. आज तुम्ही समोर आहात, घाईत दिसत नाही. तर सांगतो. फक्त एकदम मुद्द्यावर या असं म्हणू नका. मला आधी थोडं इकडचं तिकडचं बोलावं लागेल.

मी मूळचा दुधनीचा. घरची अडत. मी गादीवर बसावं, तुरीच्या आणि शेंगांच्या ढिगात हात घालून माल पारखावा, अशी वडिलांची साधी इच्छा. मला त्या पोत्यांच्या वासानेच नको व्हायचं. सोलापूरला शिकायला आलो, शुक्रवार पेठेत खोली घेतली, इतिहास घेऊन पास झालो आणि कॉलेजातल्या सरांच्या मागे उत्खननाला जायला लागलो. वडील बाजारात सांगायचे, आमच्या पोराने मेलेल्यांची अडत उघडलीय. लोक हसायचे, मीही हसायचो — पण ते लागायचं मला.

आम्ही लिंगायत. हे सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. आमच्यात मूल जन्मलं की त्याला लिंग बांधतात — आवळ्याएवढं, काळं, गुळगुळीत इष्टलिंग, कापडात गुंडाळून नाहीतर चांदीच्या डबीत घालून, गळ्यात. ते जिवंतपणी अंगावरून उतरत नाही. माणूस गेला की त्याला जाळत नाहीत. खड्डा खणतात, खड्ड्याच्या भिंतीत कोनाडा काढतात, त्यात त्याला मांडी घालून बसवतात. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर ठेवतात, भोवती विभूती आणि बेलाची पानं भरतात, मग माती लोटतात. मेला असंसुद्धा आम्ही म्हणत नाही, लिंगैक्य झाला म्हणतो. ते लिंग त्या हातातून काढू नये असं मला लहानपणी कुणी शिकवलं नव्हतं. असं काही शिकवावं लागेल हेच कुणाच्या डोक्यात आलं नसणार.

गावाचं नाव सांगत नाही. कुंभारी ओलांडून आणखी पुढे, एवढं पुरे. ओढ्याकाठी एक टेकाड होतं. वर हातभर काळी माती, खाली जुन्या वस्तीची राखट पांढरी. गावात त्याला पांढर म्हणत. बहात्तरचा दुष्काळ नुकताच मागे पडला होता, माणसं कामाला लगेच मिळत. सरांचे कॉलेजात तास असायचे, म्हणून ते रविवारीच येत. बाकीचे दिवस चर माझ्या ताब्यात — चर म्हणजे आम्ही खणत होतो तो लांबट खड्डा.

सर मोठे गोड माणूस. उन्हाची टोपी कधी सरळ बसली नाही त्यांच्या डोक्यावर. जेवताना सांगायचे: फार पूर्वी इकडची माणसं आपली गेलेली लेकरं घरातल्या जमिनीखालीच पुरायची. दोन रांजण घ्यायचे, तोंडाला तोंड लावायचे, आत लेकरू. मोठ्यांना आडवं निजवायचे आणि कुठे कुठे घोट्यापासून पाय तोडायचे — कदाचित मेलेला चालत परत येऊ नये म्हणून. एकाच घरात दोन्ही, बघ, सर म्हणायचे. लेकराला लांब जाऊ द्यायचं नाही आणि म्हाताऱ्याला परत येऊ द्यायचं नाही. हे सांगताना घास त्यांच्या हातातच राहायचा. मला वाटायचं, आयुष्य काढावं तर ह्या कामात काढावं.

पण त्या हंगामात आम्हाला मिळत काय होतं? खापरं. पाट्याच्या पाट्या भरून खापरं. धुवा, वाळवा, पोत्यात भरा — म्हणजे पोती काही सुटली नव्हतीच माझी. एका रविवारी सर चरीच्या कडेला उकिडवे बसून म्हणाले, यंदा काही ठळक हाती लागलं नाही तर पुढच्या वर्षी परवानगी मागायला तोंड राहणार नाही. आणि सोलापूरच्या संग्रहालयात तुला नोकरीला घ्यायचं मनात होतं, तेही अवघड होईल. ते सहज बोलले. मला मात्र रात्रंदिवस दुधनीची गादी दिसायला लागली.

आता गंगव्वाबद्दल. तिचं नाव नुसतं घेतलं तरी मी अडतो, पण तिच्याशिवाय ही गोष्टच नाही.

टेकाडाच्या उतारावरचं रान तिचं. नवरा तरुणपणीच गेलेला, एक मुलगा, इरप्पा — माझ्याहून थोडा मोठा. पहिल्याच दिवशी माझ्या गळ्यातला दोरा बघून तिने ओळखलं, हा आपल्यातला. मग अर्धं वाक्य कानडी, अर्धं मराठी, असं आमचं बोलणं सुरू झालं. मला ती तम्मा म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. मी तिला अव्वा, म्हणजे आई. माझा डबा तिने बंदच केला. कडक भाकरी, शेंगाची चटणी, ताक — दुपार झाली की बांधावरून हाक यायचीच. तिथे मी किती जेवलो असेन? मला ती फार आवडायची, हे मी मुद्दाम सांगतो आहे.

एकदा जेवण झाल्यावर तिने विषय काढला. तिचा नवरा ह्याच पांढरीवर कुठेतरी बसवलेला होता.

"मी बाळंतीण व्हते तम्मा, मला कुनी नेलं न्हाय," ती म्हणाली. "सासऱ्याला जागा ठावं व्हती. सासरा गेला, खुनंचा दगड हिरीच्या बांधकामात गेला. आता आमचं मालक कुटं बसल्यात, कुनालाच म्हाईत न्हाय. तू खांदतुयास. दिसलं तर मला सांग की. मला त्यांच्या शेजारी बसायचं हाय."

आपल्या रानात चर घ्यायला ती हसत का तयार झाली होती, ते मला तेव्हा कळलं. खूणही तिने सांगितली — गाडीचं चाक पायावरून गेलेलं, उजवी नळी मोडून वाकडी जुळलेली, मालक लंगडत चालायचे. नवऱ्याबरोबर पुरतं वर्षही तिला मिळालं नव्हतं. पण तो लंगडत कसा यायचा ते तिने उठून, पदर खोचून, चालून दाखवलं आणि स्वतःच लाजून हसली. मी गळ्यातल्या लिंगाला हात लावून म्हटलं, दिसले तर पहिलं तुलाच सांगेन. ते मी मनापासून म्हटलं होतं — पण त्याचा आता काय उपयोग?

बाजाराचा दिवस होता. मजूर नव्हते, मी एकटाच चरीत ब्रश घेऊन बसलो होतो. पांढऱ्या मातीत एक काळा पट्टा खाली उतरलेला दिसत होता. म्हणजे वरच्या काळ्या मातीतून, अलीकडे कधीतरी, कुणीतरी खड्डा खणलेला. हे शिकाऊ पोरालाही कळलं असतं. पट्ट्याच्या मागे मागे गेलो आणि कोनाडा लागला. कवटी जराशी पुढे झुकलेली. खांदे. विभूतीचे खडे अजून पांढरेशुभ्र. मग डावा हात मांडीवर आलेला, बोटांची हाडं सुटी झालेली — आणि त्यांच्या मधोमध लिंग.

मी हात जोडले. खरंच जोडले. बांधापलीकडे गंगव्वाच्या चुलीचा धूर दिसत होता, हाक मारली असती तर पोचली असती. मग मी हाक का मारली नाही? मी तसाच बसून राहिलो, आणि मनात एक विचार आला, अगदी शांतपणे आला — की हे लिंग इथे नसतं, तर हा माणूस कितीही जुना असू शकला असता.

ते मी उचललं. रुमालात बांधलं, खिशात ठेवलं. मग खुरप्याने तो काळा पट्टा खरवडून काढला, पांढरी माती ओली करून त्या जागी थापली आणि वाळल्यावर ब्रश फिरवला. काम नीट झालं. माझा हात मुळात चांगला होता, सर नेहमी म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी मजूर आले. बघताच एक जण म्हणाला, "लिंगायताचं हाय व्हय सायब?" मी म्हटलं, मग लिंग कुठंय? तो पाटी उचलून कामाला लागला. तासाभरात गंगव्वा आली. धावत आली असावी, पायात वहाण नव्हती. चरीच्या कडेला उभी राहिली. मांडीखालचा भाग अजून मातीत होता, पाय दिसत नव्हते. तिने पायांचं विचारलंच नाही. तिने एवढंच विचारलं,

"तम्मा, हातात लिंग हाय का?"

मी म्हटलं, नाही अव्वा.

"मग आमचं न्हवं," ती म्हणाली. "हातातलं लिंग कोन काडंल?"

तिने चरीतल्या माणसाकडे पाहून हात जोडले आणि परत गेली. तिला माझ्यावर संशय आला नाही. दुपारी बांधावरून हाक आली, आणि मी जेवायला गेलो. हो, गेलो.

रविवारी सर आले. सर काही भोळे नव्हते. तेही चरीत उतरून आधी तेच म्हणाले — तुमच्यात असंच बसवतात ना रे? हातात काही मिळालं? मी म्हटलं, नाही सर, काहीच नाही. त्यांनी टोपी काढली, घाम पुसला आणि म्हणाले, तू त्यातलाच, तू नाही म्हणतोस म्हणजे नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्यांनी भिंत पुन्हा तासून बघितली असती. माझ्या शब्दावर ते थांबले. माझी जातच माझा पुरावा झाली — आणि मी ती तशी वापरली.

आणखी चार-सहा दिवसांनी पाय मोकळे केले. उजवी नळी मधोमध मोडून वाकडी जुळलेली होती. तोपर्यंत मी स्वतःला समजावत होतो की हा गंगव्वाचा नवरा कशावरून, दुसराच कुणी असेल. आता तेही राहिलं नाही. बोलायला अजूनही उशीर झाला नव्हता. सर त्या हाडावरून बोट फिरवत म्हणाले, बिचारा लंगडत असणार हा. मी म्हटलं, हो सर, असणार.

पुढे सगळं सुरळीत झालं. सरांनी पुण्याला निबंध वाचला — माणसाला बसवून पुरायची चाल ह्या भागात आपण समजतो त्याहून कितीतरी जुनी आहे, असा. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. संग्रहालयात मी कायम झालो. वडिलांनी दुधनीत पेढे वाटले आणि मेलेल्यांची अडत शेवटी चालली म्हणाले. मातीच्या ढेपेसकट उचलून आणलेला तो माणूस काचेच्या कपाटात बसला. 'अतिप्राचीन' अशी पाटी लागली; ती मीच लिहिली. सर त्याच समजुतीत गेले. त्यांच्या नावावर एक खोटं कायमचं चिकटलं आणि त्यांना ते कळलंही नाही. ह्याचंही मला वाईट वाटतं, पण खरं सांगू? गंगव्वाच्या मानाने ते कमी वाटतं.

लिंग माझ्याकडे आहे. रोज सकाळी अंघोळ करून मी माझं लिंग डाव्या तळहातावर घेतो, विभूती लावतो, पूजा करतो. ते दुसरं त्याच खोलीतल्या कपाटात, जुन्या कपड्यांखाली. नदीत सोडावं असं पुष्कळदा मनात आलं. सोडलं नाही. त्याला बेलही कधी वाहिला नाही — कुठल्या तोंडाने वाहणार?

एका संक्रांतीला गंगव्वा सिद्धेश्वराच्या यात्रेला सोलापुरात आली. तम्माची नोकरी बघायची म्हणून इरप्पाला घेऊन संग्रहालयात आली. माझ्यासाठी पदरात शेंगाची पोळी बांधून आणलेली. मी तिला नाणी दाखवली, मूर्ती दाखवल्या, दोन दालनं मुद्दाम रेंगाळत फिरवली. पण इमारत ती केवढी? शेवटी ती त्या काचेपुढे येऊन उभी राहिलीच.

खूप वेळ पाहत होती. मग म्हणाली, "ह्यो बी लंगडत व्हता व्हय रं?"

मी म्हटलं, असेल अव्वा. फार जुना माणूस आहे हा.

"आमच्या मालकावानीच," ती म्हणाली. "ह्याला कुनी मानूस न्हाय व्हय मागं? असं उगडं बसवलंय."

तिने कनवटीची विभूती काढली, बोटाला घेतली आणि बाहेरूनच काचेवर, कपाळाच्या उंचीला, तीन बोटं ओढली. इरप्पा म्हणाला, आई, काच खराब करू नगं, सायबाला बोलत्याल. मी म्हटलं, राहू दे. ती निघून गेल्यावर मी फडकं घेतलं आणि काच पुसली. माझं कामच होतं ते. काच पुसताना रडू आलं, हे सांगायचं नव्हतं. रडल्याने काही होत नाही.

आता शेवटचं. हे सगळ्यात अवघड आहे, कारण वरचं सगळं मी नोकरीसाठी केलं असं तरी म्हणता येईल. ह्यात मला काहीच मिळणार नव्हतं. इरप्पा अजून आहे. कधी बाजारात भेटतो, घरी या म्हणतो. खरं तर हे त्याला सांगायला हवं, तुम्हाला नाही — एवढं मलाही कळतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. इरप्पाचा निरोप आला, अव्वा लिंगैक्य झाली. मी पोचलो तेव्हा तिला भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यात हार. भजन चाललं होतं. जंगम स्वामी आले होते, पण खड्डा अजून खणलेला नव्हता. इरप्पा मला बाजूला घेऊन गेला. म्हणाला, "आई शेवटपतूर एकच म्हनत व्हती — तुज्या बापाच्या शेजारी बसीव. मला काय म्हाईत बाप कुटं हाय? तुमी आख्खी पांढर खांदून बगितलीया. मातीतलं तुमाला कळतं. तुमीच जागा दावा."

मी काय करायला हवं होतं, ते तुम्हाला सांगायची गरज नाही. मला माहीत नाही, एवढं म्हटलं असतं तरी निदान आणखी एक खोटं टळलं असतं. पण सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. शिकलेला, आपल्यातला, सोलापूरचा साहेब. मी पांढरीवर गेलो. इकडे तिकडे फिरलो. खाली वाकून माती चिमटीत घेतली, चुरडून पाहिली, विचार केल्यासारखं केलं. मग उताराच्या वरच्या अंगाला, कडुनिंबाच्या थोडं अलीकडे, पायाने रेघ ओढली आणि म्हटलं, माझ्या अंदाजाने ते इथेच जवळ असावेत. तिथे खाली काही नव्हतं. त्या बाजूला मीच चर घेतली होती. तिथे खापरंसुद्धा मिळाली नव्हती.

माणसांनी खणलं. कोनाडा काढला, गंगव्वाला आत बसवलं, तिचं लिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि बोटं मिटवली. सगळ्यांबरोबर मीही बेल टाकला, मूठभर माती टाकली. माती सारखी झाल्यावर इरप्पा माझ्याकडे आला. त्याच्या तोंडावर समाधान होतं. आईचं एवढं तरी झालं, म्हणाला, आणि खाली वाकून त्याने माझे पाय धरले.

मी पाय मागे घेतले नाहीत.